जनावराचे मन आणि स्वमग्न माणूस

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ताडण्याची शक्ती कोणाकोणाकडे असते, हा प्रश्न मानसशास्त्राने आधी चिंपांझीला विचारला आणि मग स्वमग्न मुलांना. १९७८ साली अमेरिकेत डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वूड्रफ या संशोधकांनी सारा नावाच्या चिंपांझीला काही चित्रफिती दाखवल्या. एका फितीत माणूस पिंजऱ्यात अडकलेला असे आणि केळी त्याच्या हाताला लागत नसत. फीत थांबवून सारापुढे छायाचित्रे ठेवली जात. त्यांतल्या एकात त्या अडचणीवरचा तोडगा असे. साराने बहुतेक वेळा नेमके तेच उचलले. समोरच्या माणसाला काहीतरी हवे आहे एवढे तिला उमगत असावे, असे त्या दोघांनी मांडले आणि या शक्तीला ‘मनाचा सिद्धान्त’ असे नाव दिले. सात वर्षांनी लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी तीच कल्पना मुलांना लावून पाहिली. सॅली नावाची बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, तिच्या माघारी अ‍ॅन ही दुसरी बाहुली ती गोटी खोक्यात टाकते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधील? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी खोके दाखवले. आपल्याला जे ठाऊक आहे ते सॅलीलाही ठाऊक असणार, असे त्यांनी धरले. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांचे उत्तर मात्र बरोबर आले. स्वमग्न माणसाला परक्याचे मन कळतच नाही, असा समज तेव्हापासून पसरला आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

त्याच काळात एक स्वमग्न बाई गायीबैलांचे मन ओळखते म्हणून अमेरिकेतले पशुपालक तिला गुरांच्या कोंडवाड्यांवर बोलावून घेत होते. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, हा या व्याख्यानाचा विषय.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतला तो फरक आहे. तो जन्मापासून असतो आणि आयुष्यभर राहतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे छापली, त्यानंतरच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी तशाच मुलांचे वर्णन केले. नजरेला नजर देणे, हाकेला ओ देणे, बोलण्यातली देवाणघेवाण या गोष्टी वेगळ्या रीतीने घडतात किंवा घडत नाहीत. तेच ते हातवारे, तोच तो क्रम, ठरलेल्या गोष्टीत बदल झाला की होणारी घालमेल दिसते. आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा त्रास इतरांहून किती तरी जास्त किंवा कमी होतो. काही जण उत्तम बोलतात, काही जण कधीच बोलत नाहीत. जगात साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या यादीतली इंद्रियांची बाब एके काळी किरकोळ समजली जाई. जनावरांच्या संदर्भात मात्र तीच कळीची ठरते.

गुरांचे मन ओळखणारी ती स्वमग्न बाई म्हणजे टेंपल ग्रँडिन. त्यांचा जन्म १९४७ सालचा, बोस्टनचा. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. त्यांना संस्थेत ठेवावे असा सल्ला डॉक्टरांनी दिला होता. आईने तो मानला नाही आणि शिकवणीची सोय घरीच केली. किशोरवयात त्या अ‍ॅरिझोनातल्या मावशीच्या पशुपालनाच्या शेतावर राहायला गेल्या. तिथे लस टोचण्यासाठी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा होता. बावरलेली काही जनावरे त्या दाबाखाली शांत होतात, हे त्यांनी पाहिले आणि त्या स्वतःच आत शिरल्या. माणसांनी मिठी मारली की त्यांचा जीव घाबरा होई. पण हा दाब एकसारखा होता आणि सोडणे-आवळणे आपल्या हातात ठेवता येत होते. अठराव्या वर्षी त्यांनी फळ्यांचे तसेच यंत्र स्वतःसाठी बनवले. त्याची त्यांच्या शाळा-कॉलेजातल्या वडीलधाऱ्यांना चिंता वाटली, हे सांगायला नकोच. पुढे पशुविज्ञानात १९८९ साली इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, कोलोरॅडो राज्य विद्यापीठात प्राध्यापकी, १९८६ साली आत्मकथन, ऑलिव्हर सॅक्स या मेंदूतज्ज्ञ लेखकाने १९९३ साली लिहिलेला दीर्घ लेख, २०१० साली चित्रपट, असा तो प्रवास आहे.

ग्रँडिन म्हणतात की आपला विचार शब्दांत होत नाही, चित्रांत होतो. चर्चचा मनोरा असे म्हटले, तर त्यांच्या डोळ्यांसमोर ढोबळ मनोरा येत नाही. आयुष्यात पाहिलेले एकेक मनोरे ओळीने येतात. त्यामुळे गुरे एखाद्या अरुंद वाटेत अडकून पडत तेव्हा ग्रँडिन त्या वाटेत शिरून, गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून बघत. मुकादम विजेचा दंडुका लावून दमलेले असत. ग्रँडिन यांना दिसे ते असे: लोंबकळणारी साखळी, कुंपणावर टाकलेला पिवळा कोट, डबक्यात चमकणारा उजेड, जमिनीवर आडवी पडलेली सावली, गटाराची जाळी, हवेच्या नळीचा फुसकारा. साखळी काढली की गुरे चालू लागत. इतक्या साध्या गोष्टी रोज तिथे राबणाऱ्या माणसांना दिसत नव्हत्या, कारण त्यांच्या लेखी ते सगळे ‘गुरांची वाट’ या एका कल्पनेत जमा झालेले होते.

परभणी जिल्ह्यात या गोष्टीचा पडताळा बघायला लांब जावे लागत नाही. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापुढे लोखंडी पाइपांचा खोडा असतो. लाल कंधारी गाय घ्या. कंधार-लोह्याकडची ही जात परभणीच्या दक्षिण भागातही घरोघर दिसते. अंगाने आटोपशीर, रंगाने गडद लाल, कामाला चिवट, घरच्या माणसाला ती गरीब आणि परक्याला जरा तिखट. मालक तिला वेसणीला धरून उन्हातून आणतो. खोड्यावर पत्र्याचे छप्पर, खाली सिमेंटचा ओटा, आणि ऊन जिथे संपते तिथे जमिनीवर काळी-पांढरी रेघ. गाय त्या रेघेशी थबकते. मान खाली घालते, नाकपुड्या फुलवते. दोन पावले तिला तपासायला दिली तर ती बहुधा जाते. पण मागे रांग लागलेली असते. पुढून वेसण ओढली जाते, मागून कोणी शेपूट पिरगळतो, तिसरा पाइप खाडकन आडवा लावतो, आणि मग ‘गाय मारकी आहे’ असा शेरा पडतो.

आता हेच गायीच्या बाजूने. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. मान न वळवता सुमारे ३३० अंशांचा परिसर तिला दिसतो, फक्त थेट पाठीमागे काही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा समोरचा पट्टा मात्र अरुंद, त्यामुळे खोलीचा अंदाज तिला पटकन येत नाही. सावलीची रेघ आहे की चर, हे ठरवायला तिला मान खाली घालून थांबावेच लागते. तिच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. तांबडे-हिरवे तिला माणसासारखे वेगळे दिसत नाही, म्हणून लाल कापड पाहून बैल चवताळतो ही निव्वळ दंतकथा आहे, फडफडणारे काहीही त्याला पुरते. उजेड-अंधारातला तीव्र फरक मात्र तिला टोचतो. कान माणसापेक्षा पुढचे: माणसाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गायीला ३५ हजारांपर्यंत. पाइपावर पाइप आपटल्याचा कर्कश आवाज आपल्याला नुसता खटकतो, तिला तो झोंबतो. आणि आधीच्या घाबरलेल्या जनावराने ओट्यावर मूत टाकले असेल तर त्या वासानेही पुढची कालवड अडखळते; फ्रान्समध्ये कालवडींवर झालेल्या प्रयोगांतून हे दिसले आहे.

यावरचे उपाय खर्चाचे नाहीत. खोड्याचे तोंड उजेडाकडे असावे, आत जाणारी बाजू पोत्यांनी झाकावी, ओटा खरबरीत असावा, पाइपाला चिंधी गुंडाळावी, आधीच्याची घाण धुवावी, शेजारची ओळखीची गाय पुढे घालावी. जनावराच्या खांद्याशी एक अदृश्य रेघ असते. माणूस खांद्याच्या मागे उभा राहिला की जनावर पुढे सरते, पुढे उभा राहिला की मागे. वेसण ओढणारा समोर आणि शेपूट पिरगळणारा मागे, असे दोघे एकाच वेळी कामाला लागले की गायीला दोन विरुद्ध हुकूम मिळतात. हा खांद्याचा नियम ग्रँडिन यांनी आकृत्या काढून पशुपालकांत रुजवला. गुराख्याला तो पायांनी ठाऊक असतो, पण खोड्याशी गर्दी झाली की तोही विसरतो. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून चालू आहे आणि देवणी-होल्स्टीन संकरातून झालेल्या ‘होलदेव’ गायींवर या शहरात वर्षानुवर्षे काम झाले आहे. दूध, वजन, वेत यांच्या नोंदींचा इथे तोटा नाही. खोड्यात शिरताना किती जनावरे थबकली, किती हंबरली, किती घसरली, ही नोंद त्याच वहीत एका रकान्यात बसेल.

जनावराला भावना असतात का, या प्रश्नावर विज्ञानाने फार काळ हात आखडता घेतला. १८९४ साली लॉइड मॉर्गन यांनी नियम घातला, की साध्या कारणाने उलगडा होत असेल तर जनावराच्या माथी मोठी बुद्धी मारू नये. नियम चांगलाच होता. पुढे त्याचा अर्थ ‘जनावराच्या आत काही नाहीच’ असा लावला गेला. गोठ्यातल्या माणसाने हा अर्थ कधी मान्य केला नाही, कारण त्याच्यापुढे रोज पान्ह्याचा हिशेब असतो. गाय पान्हा सोडते आणि चोरतेही. याचा उलगडा १९४१ साली एली आणि पीटरसन या दोघांच्या प्रयोगाने झाला. दूध काढण्याच्या वेळी त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फोडली. गायीने दूध दिले नाही. काही वेळाने मांजर आणि पिशव्या दोन्ही गेल्या, तेव्हा दूध आले. कासेला ओढ लागली की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि दूध उतरते; भीतीने अ‍ॅड्रिनलिन वाढले की ती वाट बंद होते. आपल्या देशी गायींना तर वासरू समोर लागते. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवण्याची रीत होती, आणि गाय ते चाटून पान्हा सोडत असे. यात तिची फसवणूक आहे की तिची समजूत काढणे आहे, हे ठरवणे अवघड आहे. पण तिच्या आत काहीतरी घडल्याशिवाय दूध उतरत नाही, एवढे नक्की.

याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने १९९८ साली सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या सात मूळ भावनाव्यवस्था मांडल्या: शोध, संताप, भीती, कामेच्छा, माया, विरहाची तडफड आणि खेळ. त्यांच्या प्रयोगशाळेत गुदगुल्या केल्यावर उंदीर आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात चिवचिवत आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे धावत. या व्यवस्था मेंदूच्या खोल, जुन्या भागात आहेत, आणि तो भाग माणसात व गायीत बराच सारखा आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००२ साली गायींना झाकण लावलेल्या पेटीतला चारा नुसता दाखवला. मिळत नाही म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग जास्त दिसू लागला. बैलबाजारात डोळे पाहून जनावर पारखणारा माणूस हेच मोजत असतो.

बाजारातली दुसरी पारख भोवऱ्याची. कपाळावरचा केसांचा भोवरा कुठे आहे यावर मराठवाड्यात बैलाची किंमत वर-खाली होते आणि त्याला शुभाशुभाचे शेपूटही जोडलेले असते. ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली १५०० गुरांची पाहणी केली. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता ती खोड्यात जास्त अस्वस्थ झाली. भोवरा खाली असलेली तुलनेने शांत राहिली. कातडी आणि मज्जासंस्था गर्भात एकाच थरातून बनतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. भोवऱ्यावरून मालकाचे बरेवाईट ठरते याला या अभ्यासाचा काडीचाही आधार नाही. बैलाच्या स्वभावाशी त्याचा थोडा संबंध असावा, एवढाच जुन्या पारखीतला खरा भाग.

ग्रँडिन यांचे बहुतेक काम कत्तलखान्यांतले आहे, हे मराठी वाचकाला खटकते आणि खटकावे. जनावराचे मन ओळखणारी व्यक्ती त्याला मरणाच्या दारी शांतपणे नेण्याची वाट आखून देते. त्यांचे म्हणणे असे, की ही गुरे माणसाने खाण्यासाठीच जन्माला घातली आहेत, तेव्हा त्यांना धड जगणे आणि बिनवेदनेचे मरण देणे हे माणसाचे देणे आहे. हा युक्तिवाद ज्याला पटायचा त्याला पटेल. त्यांनी केलेले मोजमाप मात्र पटण्यावर अवलंबून नाही. शंभर गुरांत तीनपेक्षा जास्त हंबरली, शंभरांत पाचपेक्षा जास्त पहिल्या फटक्यात बेशुद्ध झाली नाहीत, तर कारखाना नापास. १९९९ पासून मॅकडोनल्ड्स कंपनीने आपल्या पुरवठादारांना हा हिशेब लावला. ‘दयेने वागवा’ या उपदेशाने जे होत नव्हते ते हंबरडे मोजल्याने झाले. आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांचे नियम १९६५ पासून आहेत. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन बैल जुंपायचा नाही, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, टोकदार काठी वापरायची नाही, म्हणजे आरीची पराणी बेकायदा आहे. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो. नियम कोणी वाचलेला नाही, कारण मोजणारा कोणी नाही.

‘स्वमग्न माणसाचे मन जनावराच्या मनाजवळ जाणारे असते’ हा ग्रँडिन यांचा दावा २००५ सालच्या पुस्तकातून जगभर गेला. दोघेही तपशील पाहतात, साधारण माणूस मात्र तपशील गाळून कल्पना पाहतो, असा त्याचा गाभा. २००८ साली जॉर्जियो व्हॅलोर्टिगारा आणि पाच सहकाऱ्यांनी तो सविस्तर खोडला. जनावरे नुसते तुकडे पाहत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. खुद्द व्हॅलोर्टिगारा यांनीच पूर्वी केलेला एक प्रयोग इथे पुरेसा आहे: नुकत्याच जन्मलेल्या कोंबडीच्या पिलाला एका त्रिकोणाची सवय लावली, मग त्याच त्रिकोणाचा काही भाग पट्टीने झाकला, तरी पिलाने तो पुरा त्रिकोण म्हणूनच ओळखला. पिलू अर्धवट दिसलेल्यातून पुरते चित्र जुळवते. गायसुद्धा ‘ओळखीचा माणूस’ आणि ‘परका’ असे गट करते, नाहीतर दवाखान्यातला पांढरा कोट पाहून ती दुसऱ्यांदा दुरूनच का बिथरावी? शिवाय सगळे स्वमग्न लोक चित्रांत विचार करत नाहीत. काहींचा विचार आकृतिबंधांत, आकड्यांत चालतो, काहींचा शब्दांतच. हे पुढे ग्रँडिन यांनीही मान्य केले. तेव्हा स्वमग्न मन हे जनावराचे मन, असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, आणि स्वमग्न माणसाच्या तोंडावर ते म्हणणे अपमानकारकही होऊ शकते. दाव्यातला टिकणारा भाग लहान पण पक्का आहे: ज्याला स्वतःला आवाज टोचतात, उजेड खुपतो, अचानक बदल सोसवत नाही, तो गोठ्यात शिरताच काय टोचेल ते आधी ओळखतो.

याच्या उलट बाजूने एक मोठा माणूस आला आणि चुकला. निको टिनबर्गेन यांना कोनराड लोरेंत्स आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह १९७३ सालचे नोबेल मिळाले. सीगल पक्ष्यांच्या हालचाली वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नोबेल व्याख्यानात त्यांनी पक्षी बाजूला ठेवून स्वमग्न मुलांवर बोलणे पसंत केले. पुढे जावे की पळून जावे अशा पेचात सापडलेला पक्षी जसा भलतीच हालचाल करतो, तसे हे मूल भीती आणि ओढ यांच्या कात्रीत सापडलेले असते, असे त्यांचे वाचन. यातून एक शहाणपणाचा सल्ला निघाला: मुलाकडे टक लावून पाहू नका, त्याच्यावर झेप घेऊ नका, त्याला आपणहून जवळ येऊ द्या. आजही तो सल्ला चांगला आहे. पण ही भीती घरातल्या ताणामुळे, आईशी नाते नीट न जुळल्याने येते असे त्यांनी धरले, आणि १९८३ साली पत्नी एलिझाबेथ यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात, मुलाला आईने घट्ट धरून ठेवण्याच्या उपचाराची भलामण केली. तोवर उलट पुरावा छापून सहा वर्षे झाली होती. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या; एकाच बीजाच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, भिन्न बीजाच्या १० जोड्यांत एकही नाही. कारण रक्तात होते, आईच्या वागण्यात नव्हते. बळजबरीच्या मिठीने किती मुले हादरली असतील हे सांगता येत नाही. ग्रँडिन यांच्या यंत्राचा अर्थच मुळी हा होता, की दाब हवा पण सोडण्याची दोरी आपल्या हाती हवी. टिनबर्गेन यांनी पक्ष्याला जसे दुरून पाहिले तसेच मुलालाही पाहिले. पक्ष्याला विचारता येत नाही. पण बोलू-लिहू शकणारी स्वमग्न माणसे तेव्हाही होती.

मोजणाऱ्याच्या चुकीची कथा बर्लिनमध्ये आधीच घडून गेली होती. विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून टापांनी उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी सिद्ध केले, की विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही चुकतो. बरोबर टापेला माणसाचे डोके केसभर हलते आणि घोडा ते टिपून थांबतो. घोड्याला गणित येत नाही, असा निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवला. त्या केसभर हालचालीवरून तो माणसाला वाचत होता, आणि भोवतालच्या एकाही माणसाला आपण हलतो याचा पत्ता नव्हता, हा निकालाचा अर्धा भाग पुष्कळांनी सोडून दिला. चिंपांझींचेही तसेच झाले. डोक्यावर बादली पालथी घातलेल्या माणसाकडेही ते खाऊ मागतात, म्हणजे दुसऱ्याला दिसते की नाही हे त्यांना कळत नाही, असा निष्कर्ष १९९६ साली निघाला. २००० साली ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी दोन चिंपांझींमध्ये खाण्यासाठी चुरस लावली, तेव्हा दुबळा चिंपांझी नेमका दांडग्याला न दिसणारा घास उचलू लागला. मागण्याचा प्रयोग माणसाच्या सवयीचा होता, चुरशीचा त्यांच्या.

स्वमग्नतेत हा धडा २०१२ साली डेमियन मिल्टन यांनी मांडला. ते स्वतः स्वमग्न आहेत. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे खरे, पण इतरांनाही त्याचे मन कळत नाही, आणि दोष मात्र एकाच्याच नावावर पडतो, असे त्यांचे म्हणणे. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन यांनी एडिंबरोत माणसांच्या साखळ्या करून कानगोष्टीसारखा प्रयोग घेतला. स्वमग्नांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच गोष्ट पोचवत होती. मिसळलेल्या साखळीत ती जास्त गळत होती. नंतरच्या मोठ्या प्रयोगात मिसळलेल्या साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे मिल्टन यांच्या म्हणण्याची सगळी बाजू अजून सिद्ध झालेली नाही, पण ‘स्वमग्नांना निरोप पोचवता येत नाही’ हे जुने म्हणणे दोन्ही प्रयोगांत पडले.

स्वमग्न मुलांची जनावरांशी जवळीक हा वेगळा धागा आहे आणि त्यावर पुरावा मध्यम आहे. भारतीय मुलांवर नजरेचा माग घेणारे यंत्र लावून जॉर्जिटा वालियामट्टम आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२० साली छापला गेला. स्वमग्न मुले माणसाच्या चेहऱ्यापेक्षा प्राण्यांच्या चेहऱ्याकडे आणि डोळ्यांकडे जास्त पाहत होती. ऑस्ट्रेलियात मार्गरिट ओहेअर यांनी २०१३ साली वर्गात गिनीपिग ठेवले. खेळण्यांच्या तुलनेत गिनीपिगांजवळ ही मुले जास्त बोलली, जास्त हसली, सोबत्यांच्या तोंडाकडे जास्त वेळा पाहिले. अमेरिकेत २०१५ साली घोडेस्वारीची चाचणी झाली, तीत एका गटाला घोडा दिला आणि दुसऱ्याला घोड्यांविषयीचे उद्योग दिले पण घोडा दिला नाही. दहा आठवड्यांनी घोडेस्वारांची चिडचिड कमी झाली होती आणि शब्द वाढले होते. प्राण्याचा चेहरा खोटे हसत नाही, त्याच्या हालचालीला दुहेरी अर्थ नसतो, हे कारण सयुक्तिक वाटते. महाराष्ट्रात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था मुंबई-पुण्याकडे प्रशिक्षित कुत्र्यांसह असे काम करते. स्वमग्नता यातल्या कशानेही ‘बरी’ होत नाही. घोड्यावर किंवा कुत्र्याजवळ बसवून मूल पूर्ववत करून देतो अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि कुत्र्यालाही थकवा येतो, त्याच्याही मर्जीचा विचार करावा लागतो. सगळ्यांच्या हातून कुरवाळून घेणे ही त्याची हौस नव्हे.

खेड्यात या जवळिकीचा एक तोटा होतो. बोलत नसलेले, हाकेला वळून न पाहणारे, पण शेळ्यांच्या मागे तासन्‌तास रमणारे पोर ‘गरीब आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात’ म्हणून कौतुकाने गुरांमागे लावले जाते. घरातल्या म्हाताऱ्या ‘बापही उशिराच बोलला’ म्हणून धीर देतात. ऊसतोडीला जाणाऱ्या गंगाखेड-सोनपेठकडच्या कुटुंबांत तर वर्षाचे निम्मे दिवस मूल बैलगाडीच्या तळावर असते आणि अंगणवाडीच्या नोंदवहीत गैरहजर. ते शेळीशी रमते यावरून त्याला माणसाची ओढ नाही असे ठरवणे जितके चुकीचे, तितकेच शेळीशी रमते म्हणून सगळे ठीक आहे असे धरणेही. बाळ वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, दीड वर्षाला हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत तपासणी करतात आणि मुलाला जिल्हा पातळीवरच्या उपचारासाठी पाठवतात. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोडते. प्रमाणपत्र ४० प्रश्नांच्या भारतीय मापनपट्टीवरून मिळते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण आहे. उसाचा हंगाम सुरू होण्याआधी, गाव सोडण्यापूर्वी, ही तपासणी करून घ्यावी.